खणातला गंधकाचा वास

खण उघडला आणि आधी वास आला. काडेपेटीची काडी विझल्यावर येतो ना तसा, थोडा आंबूस, नाकाला झोंबणारा. आठेक महिने तो खण उघडलाच नव्हता. कामाच्या गडबडीत राहून गेलं, आणि दगडच तर आहेत, त्यांना काय होणार असंही कुठेतरी मनात होतंच. त्या खणात माझे पायराइटचे अमोनाइट होते, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांच्या शंखांचे जीवाश्म, अकरा, सगळे नाण्याएवढे किंवा त्याहून लहान. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचे, चारमथचे, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीचे. गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले पण अख्खे सोनेरी, कारण आतल्या पोकळ्यांमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज भरून बसलेलं. माझ्या संग्रहातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच होती.

अकरापैकी दोन राहिलेच नव्हते. त्यांच्या जागी पांढरट-पिवळसर भुकटीचा छोटा ढीग होता आणि त्यात एक-दोन सोनेरी तुकडे. तिसऱ्याला मधोमध भेग पडलेली आणि भेगेतून बारीक केसांसारखे पांढरे स्फटिक वर आलेले, भिंगातून बघितलं तर बुरशीच वाटावी. पण खरा धक्का पुढेच होता. डबीच्या तळाला मी लेबल घडी करून ठेवलं होतं, ते उचललं तर त्याचा मधला भाग तपकिरी होऊन हातातच चुरा झाला. जागेचं नाव शिल्लक होतं. कुठल्या थरातला नमुना आहे ते जळून गेलेलं.

त्या किनाऱ्यावर थरागणिक अमोनाइटच्या जाती बदलतात, त्यामुळे थराचं नाव गेलं की त्या नमुन्याचा अर्धा अर्थ जातो. दगड गेला त्याची हळहळ वाटली, लेबल गेलं त्याने मात्र रात्री झोप लागली नाही.

या प्रकाराला जुने लोक पायराइट रोग म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी तो रोग नाही, सरळ सरळ रसायनशास्त्र आहे. पायराइटला हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला की त्याचं लोहाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होतं आणि सोबत गंधकाम्ल तयार होतं. सल्फेटला मूळ पायराइटपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून जीवाश्म आतून फुगतो आणि तडकतो. आम्ल बाहेर पडतं ते डबीचा पुठ्ठा, लेबल, शेजारी चुनखडीचा नमुना असेल तर तो, सगळ्याला खातं. सगळ्याच पायराइटला हे होतं असं नाही. मोठे चकचकीत घन स्फटिक बऱ्यापैकी टिकतात, धोका असतो तो अगदी सूक्ष्म कणांच्या पायराइटला, कारण तिथे हवा लागायला पृष्ठभाग भरपूर. आणि गंमत अशी की बाहेरून सोनेरी दिसणाऱ्या नमुन्याच्या आत कुठल्या प्रकारचं पायराइट आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. दोन सारखे दिसणारे अमोनाइट शेजारी शेजारी ठेवा, एक पन्नास वर्षं टिकेल आणि दुसरा पाच वर्षांत भुकटी होईल.

पूर्वी बऱ्याच जणांची समजूत होती की हे बॅक्टेरियांचं काम आहे, आणि म्हणून लोक नमुने जंतुनाशकात बुडवून ठेवायचे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. हे पायराइट खाणारे बॅक्टेरिया आहेत खरे, खाणींच्या पाण्यात ते असतात, पण त्यांना जवळजवळ ओलंचिंब वातावरण लागतं, कपाटातल्या खणात ते जगूच शकत नाहीत. तिथे नुसती दमट हवा पुरते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हा प्रकार जोरात सुरू होतो, म्हणून पायराइटवाले नमुने ४५ टक्क्यांच्या खालीच ठेवावेत असं सांगतात.

हे सगळं वाचत असताना बेल्जियमच्या बर्निसार्टची गोष्ट पुन्हा नीट वाचली आणि माझे दोन अमोनाइट त्यापुढे फारच किरकोळ वाटायला लागले. १८७८ मध्ये तिथल्या कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोलीवर कामगारांना काहीतरी चमकणारं लागलं. त्यांना वाटलं सोनं भरलेली झाडाची खोडं आहेत. ती होती इग्वानोडॉनची हाडं, आणि ते सोनं म्हणजे पायराइट. एकाच जागी तीसेक डायनोसॉरचे सांगाडे, त्यातले कितीतरी जवळजवळ पूर्ण. पण कोट्यवधी वर्षं हवेपासून लांब, चिखलात दाबून राहिलेली ती हाडं वर आणल्यावर तडकायला आणि चुरायला लागली. मग प्लास्टरमध्ये बांधून तुकड्या-तुकड्यांनी ब्रसेल्सला नेली, तिथे दिसेल तेवढं पायराइट खरवडून काढलं, हाडांना सरस पाजला, सांगाडे उभे केले. लोक बघायला यायला लागले. आणि आतलं पायराइट आपलं काम करतच राहिलं. १९३० च्या दशकात सगळे सांगाडे परत उतरवून त्यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख पाजली आणि काचेच्या मोठ्या खोलीत ठेवलं, म्हणजे हवा ताब्यात राहील. तेही पुरलं नाही. २००३ ते २००७ या काळात पुन्हा एकदा एकेक हाड काढून साफ करून नवीन कृत्रिम रेझिनने पक्कं केलं. म्हणजे सव्वाशे वर्षांत तीनदा, तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या लोकांनी त्याच हाडांवर हात फिरवला आहे, आणि तिसऱ्या पिढीच्या कामाचा बराचसा वेळ आधीच्या दोघांनी प्रेमाने लावलेला सरस आणि लाख काढण्यात गेला असणार. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. कुणी चूक केली असं म्हणवत नाही, प्रत्येकाने त्याच्या काळात जे सगळ्यात चांगलं माहीत होतं ते केलं.

असो. मी काय केलं ते सांगतो.

पहिलं काम, उरलेले नऊ अमोनाइट वेगळे काढले, एकेकाला स्वतःची डबी. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झटकली, ग्लोव्हज घालून, कारण ती आम्लधर्मी असते आणि बोटांना चुणचुणते. पाणी अजिबात नाही. धुवायचा मोह होतो, मीही नळापाशी जाऊन परत आलो, पण ज्या गोष्टीने हे सुरू झालं तीच वर ओतायची म्हणजे काय. मोठ्या संग्रहालयांतले तज्ञ अमोनियाच्या वाफेने ते आम्ल मारतात, पण तो घरी करण्यातला उद्योग नाही, वाफ घशाला आणि डोळ्यांना फार वाईट, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. मी फक्त कोरडं ठेवायचं ठरवलं. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा घेतला, तळाला ओलावा शोषणारं सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर डब्या, आणि आत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, झाकणातून आकडा वाचता येईल असा.

हायग्रोमीटरबद्दल एक सांगायलाच हवं. स्वस्तातले डिजिटल हायग्रोमीटर सर्रास काही टक्क्यांनी चुकतात आणि आपण त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तपासायची पद्धत अगदी साधी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं, आणि ते झाकण आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचे, मीठ मीटरला लागू द्यायचं नाही. ओल्या मिठाभोवतीची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी मीटर ७५ दाखवत असेल तर तो खरा. माझा ६७ दाखवत होता. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला ५५ समजत होतो ते ६० च्या पुढचं असणार, आणि माझ्या अमोनाइटांचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, म्हणजे ते ओलाव्याने भरलं की कळतं. नारिंगी रंगाचं मिळतं तेच बरं, जुनं निळं असतं त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. भरलेलं जेल १२० अंशांच्या आसपास काही तास गरम केलं की परत वापरता येतं, फेकायची गरज नाही.

आता यावरून कोणी सगळाच संग्रह कोरड्या डब्यात कोंबू नका. हे मी मुद्दाम सांगतोय कारण माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. माझ्याकडे मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा. तो दगड झालेलाच नाही, तो अजून हस्तिदंतच आहे, काही हजार वर्षं जुना. असे अर्धवट जीवाश्म झालेले सुळे, दात, हाडं एकदम सुकली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी थराथराने सुटतात. त्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, आणि आकड्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर लागते. सकाळी ४० आणि संध्याकाळी ६५ असं चाललं की हाड रोज फुगतं आणि आकसतं, आणि एक दिवस तडा जातो. म्हणून खिडकीखालचं शेल्फ, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट, प्रखर दिव्याचा शोकेस, या जागा बाद. घराच्या मधल्या भिंतीचं बंद कपाट सगळ्यात चांगलं, दिसायला कितीही कंटाळवाणं असलं तरी.

अंबरचं आणखीनच वेगळं. ती झाडाची राळ. उजेड आणि ऑक्सिजनने तिचा पृष्ठभाग हळूहळू लालसर होतो आणि त्यावर बारीक भेगांची जाळी येते, आतला किडा मग दिसेनासा होतो. तिला अंधार आवडतो. स्पिरिटने पुसायची नाही कधी.

आणि जर्मनीतल्या मेसेलचे जीवाश्म तर सुकूच द्यायचे नसतात. तिथला दगड म्हणजे तेलयुक्त शेल, चिखलाचा थराथराचा दगड, त्यात जवळजवळ ४० टक्के पाणी असतं. खाणीतून काढून उघडा ठेवला तर काही तासांत तडकायला लागतो आणि ४.७ कोटी वर्षं टिकलेला मासा किंवा वटवाघूळ त्याच्याबरोबर जातं. म्हणून तिथले लोक नमुना ओला ठेवून त्याच्या एका बाजूवर पारदर्शक रेझिन ओततात, ते घट्ट झालं की उलटा करतात आणि मागच्या बाजूने सगळा शेल काढून टाकतात. हाडं रेझिनवर येतात, दगड उरतच नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थक्क झालो होतो, मूळ दगड पूर्ण काढून टाकणं म्हणजेच जतन.

डबी आणि कपाट हेसुद्धा निर्दोष नसतं. लाकडी कपाटं दिसायला सुंदर, पण ओकचं लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ यातून अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ बाहेर पडत राहते, वर्षानुवर्षं. बंद खणात ती साठते आणि शिंपल्यांवर, चुनखडीच्या नमुन्यांवर पांढरी पावडर यायला लागते. बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून तो बाइनचा रोग, आणि हाही रोग नाहीच, हीसुद्धा केमिस्ट्रीच. कपाट बदलणं शक्य नसेल तर खणात वाफ न सोडणारा अस्तर घालायचा, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्या वापरायच्या, आणि अधूनमधून खण उघडून हवा बदलायची. माझं धातूचं कपाट आहे, जुनं ऑफिसातलं, आणि ते मला कुठल्याही शोकेसपेक्षा प्रिय आहे.

नमुन्याखाली कापूस घालू नका. ट्रायलोबाइटचा, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याच्या जीवाश्माचा, काटा कापसात अडकला आणि उचलताना तुटला, हे माझ्या हातून झालंय, त्या काट्याची लांबी चार मिलीमीटर असेल पण त्याचा तो टक् असा आवाज अजून कानात आहे. पिवळा मऊ स्पंजही नको, तो काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. पॉलिथिलीनचा फोम घ्यायचा, बारीक छिद्रांचा, आणि नमुन्याच्या आकाराचा खड्डा कापून त्यात नमुना बसवायचा म्हणजे खण ओढताना तो गडगडत नाही. खण झटक्याने ओढल्याने जितके दात आणि शिंपले टवके उडून खराब झाले असतील तितके बहुतेक पडूनही झाले नसतील.

चिकटवण्याबद्दल फार लिहीत नाही, थोडक्यात एवढंच की जे लावाल ते परत काढता आलं पाहिजे. पॅरालॉइड बी-७२ नावाचं अॅक्रिलिक रेझिन आहे, अॅसिटोनमध्ये विरघळतं, पातळ केलं तर ठिसूळ हाड पक्कं करतं, घट्ट केलं तर गोंद होतो, पिवळं पडत नाही, आणि पुन्हा अॅसिटोन लावलं की सुटतं. खिडकी उघडी ठेवून काम करायचं आणि जवळ ज्योत नको. एकच लक्षात ठेवायचं, ४० अंशांच्या आसपास ते मऊ व्हायला लागतं, तेव्हा त्याने जोडलेला नमुना उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. वॉर्निश मारून चमकवलेले नमुने बघितले की मला खरंच वाईट वाटतं. चमक दोन वर्षं छान दिसते, मग ती पिवळी पडते आणि पृष्ठभागावरच्या ज्या बारीक रेघांवरून जात ओळखायची त्या तिच्याखाली बुजून जातात.

आता लेबल. यावर मी कितीही बोलू शकतो.

त्या जळलेल्या कागदानंतर मी आठ रविवार घालवले आणि सगळ्या संग्रहाला नंबर दिले, ३४० नमुने. पद्धत अशी, नमुन्याच्या मागच्या बाजूला, जिथे काही बघायचं नाही अशा जागी, बी-७२ चा पातळ थेंब लावायचा, वाळू द्यायचा, त्यावर बारीक निबने न फिकटणाऱ्या काळ्या शाईने नंबर लिहायचा, शाई वाळली की वर आणखी एक हलका थर, फार घोळवायचा नाही नाहीतर नंबर पसरतो. नको असेल तेव्हा सगळं अॅसिटोनने निघून येतं, दगडाला शाई लागतच नाही. तोच नंबर लेबलवर, तोच नोंदवहीत, तोच फोटोच्या फाइलला. म्हणजे डबी सांडली, लेबल उडालं, खण उलटा झाला, तरी दगड स्वतः सांगेल मी कोण.

लेबलचा कागद आम्लविरहित. त्यावर पेन्सिल किंवा टिकाऊ शाई, बॉलपेन फिकटतं, इंकजेटची प्रिंट थेंबभर पाण्याने पसरते. चिकटपट्टी नको, ती पिवळी होऊन गळून पडते आणि डाग मागे ठेवते. पायराइटच्या डबीत लेबल उघडं ठेवायचं नाही, पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून डबीच्या बाहेर. लिहायचं काय तर जागा शक्य तितकी नेमकी, थर, कुणाला मिळाला, कधी, आणि मग नाव. नाव शेवटी, कारण नाव नंतर बदलू शकतं, एखादा जाणकार बघेल आणि सांगेल की ही जात वेगळी आहे. जागा मात्र दगडाकडे बघून कुणीच परत सांगू शकत नाही.

जुनं लेबल कधीही फेकू नका, त्यावर चुकीचं लिहिलं असेल तरीसुद्धा. मला एका वयस्कर संग्राहकाकडून एक पेटी मिळाली होती, त्यात एका फर्नच्या ठशाबरोबर तीन लेबलं होती, तीन वेगवेगळी अक्षरं, प्रत्येकाने नाव बदललेलं. सगळ्यात जुन्या लेबलवर फक्त खाणीचं नाव आणि पेन्सिलने एक आकडा. तो आकडा काय ते कळेना. वर्षभराने त्याच पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेली यादी सापडली आणि त्या आकड्यापुढे थराची खोली लिहिलेली होती. ते मळकं लेबल कुणी टापटीप करण्याच्या नादात टाकलं असतं तर ती यादी आज निरर्थक असती.

स्पिनोसॉरस या डायनोसॉरचं उदाहरण मला नेहमी आठवतं. इजिप्तमध्ये सापडलेल्या त्या पहिल्या हाडांचं वर्णन जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमरने १९१५ मध्ये केलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. राहिली ती त्याची मापं, बारकाईने काढलेली चित्रं आणि थोडे फोटो, आणि पुढे कित्येक दशकं त्या प्राण्याबद्दल बोलताना लोक त्या कागदांवरच उभे होते. चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाचं, पेकिंग मानवाचंही तेच, मूळ जीवाश्म १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत हरवले ते आजतागायत सापडलेले नाहीत, पण त्यांचा अभ्यास करणाऱ्या फ्रांझ वाइडेनराइख या शास्त्रज्ञाने साचे आणि सविस्तर वर्णनं करून ठेवली होती म्हणून अभ्यास चालू राहिला.

म्हणून मी आता प्रत्येक नमुन्याचे चार बाजूंनी फोटो काढतो, शेजारी मिलीमीटरची पट्टी ठेवून, त्याच दिव्याखाली. दरवर्षी परत तेच फोटो. गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा शेजारी ठेवले की डोळ्याला न दिसणारी भेग दिसते. नोंदवहीची एक प्रत छापून ठेवली आहे, एक घराबाहेर दुसऱ्याकडे. आणि पहिल्या पानावर, माझ्यानंतर हा संग्रह ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी, कपाट कसं लावलंय, कुठला डबा कोरडा ठेवायचा, कुठला नाही, आणि संग्रह फोडून एकेक नमुना वाटून टाकू नका, निदान आधी एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला विचारा, असं लिहून ठेवलंय. ते पान लिहायला मला बाकी सगळ्या वहीपेक्षा जास्त वेळ लागला.

ती दोन भुकटी झालेली अमोनाइटं मी टाकलेली नाहीत. उरलेले सोनेरी तुकडे आणि थोडी भुकटी एका काचेच्या बाटलीत बंद केली, नंबर दिला, फोटोंच्या जुन्या फोल्डरमध्ये शोधल्यावर त्या लेबलचा एक अस्पष्ट फोटो मिळाला आणि त्यात भिंग लावून थराच्या नावाची पहिली चार अक्षरं वाचता आली, तेवढीच नोंदवहीत लिहिली, पुढची जागा कोरी ठेवली. उरलेले नऊ डब्यात आहेत. आज सकाळी झाकणातून बघितलं, मीटरवर ३८. झाकण किलकिलं करून वास घेतला. काही नाही, नुसत्या प्लॅस्टिकचा.